तीनशे किलो आणि सर

मी एक जुनी लिफ्ट आहे आणि मित्रांनो, मी फार भित्री आहे. लिफ्टने भित्रं असू नये, हे मला मान्य आहे. पण एका दोराला लटकून तुम्ही चाळीस वर्षं काढून बघा.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे वाळूची पोती भरून माझी परीक्षा घेतली आणि पाटी लावली : 'कमाल भार ४५० किलो'. मग मी या चार मजली इमारतीत आले. सुरुवातीला काय थाट होता माझा! लोक माझ्या आरशात बघून भांग पाडायचे. पुढे आरसा फुटला, दिवा लुकलुकायला लागला आणि मी कण्हल्याशिवाय कुणाला तेलाची आठवण होईना. शेवटी मिस्त्री आले. त्यांनी दोर चाचपला, च्च् च्च् केलं आणि पाटीवरचे ४५० खोडून रंगाने ३०० लिहिले.

"याच्या वर गेलं तर हिचा भरवसा नाही," ते म्हणाले. माझ्यादेखत! तेव्हापासून कुणी आत पाऊल टाकलं की मी धास्तावून किलो मोजत बसते.

चौथ्या मजल्यावर, माझ्या दारासमोरच, गणिताची शिकवणी चालते. एकदा सरांनी माझी पाटी फळ्यावर उतरवली. वजनकाटा आणून दहाही मुलांची दप्तरांसकट वजनं केली. जो तो अठ्ठावीसच्या आसपास.

"अठ्ठावीसचे अंदाजे तीस. तीनशे भागिले तीस?"

"दहाऽऽ!"

"म्हणजे अख्खा वर्ग एका फेरीत! चला, प्रत्यक्षच करून बघू."

ही प्रत्यक्षची हौस माणसांना का असते, कोण जाणे. दहा मुलं आत घुसली. मी बोटभर खाली दबले, पण श्वास रोखून उभी राहिले. आणि तेवढ्यात सरांनी एक पाय आत टाकला.

"सरका रे जरा."

माझा दोर कर्रकन वाजला. मी आणखी दोन बोटं खचले. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. खचता येतं तेवढंच.

"काही नाही, जुनी आहे, कुरकुरते," सर म्हणाले. एका मुलाचं बोट बटणापाशी पोचलं होतं.

"थांब रे!" कोपऱ्यातून एक मुलगी म्हणाली. वर्गात तिला शंकाताई म्हणत. "सर, तुमचं वजन किती?"

"असेल ऐंशी. का गं?"

"मग तुम्ही गणितात कुठे आहात?"

"मी गणित शिकवतो, बाळ."

"हो, पण त्यात तुम्हाला धरलेलंच नाही."

सगळ्यांनी बोटांवर बेरीज केली. मग कुणीतरी पुटपुटलं, "तीनशे ऐंशी!" बटणावरचं बोट चटका बसल्यासारखं मागे आलं.

सरांनी घाम पुसला. "बरं. तीनशेतून ऐंशी गेले, उरले दोनशे वीस. भागिले तीस... सात, बाकी दहा. तिघं उतरा पाहू."

सगळे एकदम छताकडे बघायला लागले.

"सर, नाहीतर एकटे तुम्ही उतरलात तरी चालेल," शंकाताई म्हणाली.

सर उतरले. मी जीव मुठीत धरून निघाले. बाजूच्या जिन्यावरून ते धापा टाकत धावत होते आणि प्रत्येक मजल्यावर ओरडत होते, "दाराला हात लावू नका रे!" तळमजला आला. दहा जण उतरले. दहाच्या दहा. मी दोनदा मोजले.

मित्रांनो, एवढंच सांगते. ओझ्याचा अंदाज करताना आकडा थोडा वर न्या आणि हिशेबात स्वतःला धरायला विसरू नका. त्या दिवशी अठ्ठावीसचे तीस केले, म्हणून हिशेबात तीनशे भरले तरी दहा मुलांमागे वीसेक किलो रिकामे राहिले. त्यांच्याच आधारावर मी खाली पोचले. ते वीस किलो कृपा करून कधी भरू नका. माझी भीती तेवढ्याच जागेत उभी असते.