माझे दात शाबूत आहेत

मी एक जुना गिअरबॉक्स आहे. जुना म्हणालो, निकामी म्हणालो नाही. मित्रांनो, हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण तो न कळल्यामुळे माझी रवानगी भंगारात होणार होती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लखलखीत दात्यांची चाके एकमेकांत अडकवून, तेलात बुडवून, तिथल्या कारागिरांनी मला एका लोखंडी डब्यात बंद केले. तो डबा आजपर्यंत कोणी उघडलेला नाही. माणूस ओळखायला मला डोळे लागत नाहीत, माझ्या डोक्यावर एक दांडी आहे. तिच्यावर ठेवलेला हात मला बरोबर कळतो. घाबरलेला कळतो, घाईतला कळतो आणि घरी भांडून आलेला तर पहिल्या गिअरलाच कळतो.

आधी मी एका औषधविक्रेत्याकडे होतो. त्याचा हात हलका होता. पुढे त्याने नवी गाडी घेतली आणि आमची गाडी गेली एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. तिथे माझे काय हाल झाले असतील याची कल्पना करा! शिकाऊ माणूस क्लच अर्धवट दाबतो आणि दांडी मात्र सगळा जोर लावून ढकलतो. तिसऱ्याऐवजी पहिला टाकतो. गाडी थांबवायची म्हणून रिव्हर्स टाकू पाहणारा एक महाभागही होऊन गेला. मी सगळ्यांना निभावून नेले. या शहरातले निम्मे गाडीवाले माझ्यावरच हात साफ करून रस्त्यावर आले आहेत.

शाळेच्या मालकांना सगळे ‘हाफक्लच सर’ म्हणत, कारण ते दिवसभर “हाफ क्लच! हाफ क्लच!” असे ओरडत असत. ते शेजारच्या सीटवर बसत. शिकवण्याच्या गाडीत सरांच्याही पायाशी क्लच आणि ब्रेक असतात. आमच्या गाडीत दोन्ही बाजूंचे क्लच एका सळईने जोडलेले आहेत. एक खाली गेला की दुसराही जातो. सरांना माझे फार कौतुक होते. “एवढी वर्षं झाली, पण अजून लोण्यासारखा चालतो,” असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

मग मागच्या वर्षी सगळेच बिनसले. शिकणाऱ्यांच्या हाताला गिअर पडेनात. पहिला अडायचा, रिव्हर्स तर कर्रर्र करून ओरडायचा. सरांनी आधी शिकणाऱ्यांनाच झापले. पण जो तो तेच रडगाणे गाऊ लागला, तेव्हा ते मला गॅरेजमध्ये घेऊन गेले. वाटेत गाडी ते स्वतः चालवत होते. एकही गिअर अडला नाही.

मेकॅनिकने माझे तेल पाहिले, ते चांगले होते. क्लचची केबल पाहिली, तीही ठीक होती. मग त्याने एक चक्कर मारली आणि मी अगदी गुणी बाळासारखा वागलो. त्याला मी तरी काय करणार? तिथे मला कसलाच त्रास नव्हता.

“माझ्याकडे आला की बरा होतो,” मेकॅनिक डोके खाजवत म्हणाला. “वय झालंय सर याचं. आतले दात झिजले असणार. सोमवारी गाडी आणा, हा उतरवू आणि दुसरा बसवू. हा जाईल भंगारात.”

“करून टाक,” सर म्हणाले.

करून टाक! मला तळपाय नाहीत, नाहीतर त्यांची आग मस्तकात गेली असती. डबा न उघडताच दात झिजल्याचा निकाल? खरी भानगड कुठे होती ते मला चांगले ठाऊक होते. शिकवणी सुरू झाली की सरांच्या पायाशी लाकडावर काहीतरी ‘टक्क’ असे आपटायचे आणि क्लच तिथेच थांबायचा. पूर्ण खाली जायचाच नाही. आणि क्लच पूर्ण दाबला नाही तर इंजिन मला सोडत नाही, ते मला गरगरा फिरवतच राहते. फिरत्या दात्यांत दाते कसे बसणार? माझे ओरडणे म्हातारपणाचे नव्हते, ती तक्रार होती. पण गाडीच्या खडखडाटात सरांना ते ‘टक्क’सुद्धा माझेच वाटे.

शनिवारी माझी शेवटची शिकवणी होती, बाईंची. या बाईंनी सरांना चौथीत शिकवले होते. बहिणीला दवाखान्यात न्यायला कोणाच्या तोंडाकडे बघायला नको, म्हणून त्या निवृत्तीनंतर गाडी शिकत होत्या. साऱ्या जगावर खेकसणारे सर त्यांच्यापुढे आवाज चढवत नसत.

मी ठरवले, आज मुळीच सोसायचे नाही. जायचेच असेल तर वाजत गाजत जाऊ!

मैदानाच्या कडेला बाईंनी क्लच दाबला. टक्क. त्यांनी रिव्हर्स टाकला आणि मी असा ओरडलो, की रस्त्यावरची माणसे वळून पाहू लागली.

“बाई, क्लच पूर्ण दाबा,” सर म्हणाले.

“पूर्णच दाबलाय. खाली टेकलाय अगदी.”

“मग गिअरबॉक्सच गेलाय. जाऊ द्या, सोमवारी बदलतोय.”

बाईंनी कसाबसा पहिला टाकला, गडबडीत क्लच पटकन सोडला आणि इंजिन बंद पडले. ते बंद असतानाच त्यांनी क्लच दाबून पुन्हा रिव्हर्स टाकून पाहिला. मी तो अलगद घेतला. मग पहिला टाकला. तोही अलगद. त्यांनी गाडी न्यूट्रल करून इंजिन सुरू केले आणि रिव्हर्स टाकला. कर्रर्र!

“अरे, बंद असताना पडतो आणि चालू केलं की ओरडतो,” बाई म्हणाल्या. “दात झिजले असते तर दोन्ही वेळा अडला नसता का?”

शाबास, बाई!

“आणि तुझ्या बाजूला हे टक्क काय वाजतं रे?”

“काही नाही, बाई.”

“पाय वर घे.”

“खरंच काही नाही, बाई.”

“चौथीत बाकाखाली मांजराचं पिल्लू लपवलं होतंस, तेव्हाही हेच म्हणाला होतास. तेव्हा पिल्लू ओरडत होतं, आता हा डबा ओरडतोय. पाय वर घे!”

पन्नाशी उलटलेल्या सरांनी मुकाट्याने पाय वर घेतले. खाली एक छोटा लाकडी पाट होता. सरांचा गुडघा दुखत होता आणि पाय उंचावर ठेवले की त्यांना बरे वाटे. शिकवणी सुरू झाली की पाट पिशवीतून खाली यायचा आणि संपली की गुपचूप पिशवीत जायचा. त्यांच्या बाजूचा क्लच त्या पाटावरच आपटत होता. म्हणून मी गॅरेजमध्ये ठणठणीत आणि शिकवणीत आजारी! हाफक्लच सरांनी साऱ्या शाळेला खरोखरच हाफ क्लचवर ठेवले होते.

“पाट आड येतोय हे मला माहीत नव्हतं हो बाई,” सर खालच्या आवाजात म्हणाले. “लपवला एवढ्यासाठी, की गुडघा दुखतो म्हटलं तर लोक म्हणणार, सर आता संपले.”

“आणि हा संपला, असं तू खुशाल म्हणालास. याला तोंड नाही म्हणून?”

सरांनी पाट पिशवीत टाकला आणि माझ्या दांडीवर हात ठेवला. मला त्यांचा राग आला होता, अजूनही आहे. पण खरे सांगतो, त्या क्षणी मला त्यांची मायाही वाटली. मोडीत निघण्याची भीती आम्हा दोघांनाही होती. त्यांनी आपली भीती माझ्या माथी मारली, एवढेच.

सोमवारी सर गॅरेजमध्ये गेले आणि म्हणाले, “हा राहू दे.”

“मग बिघाड होता कशात?” मेकॅनिकने विचारले.

“माझ्या गुडघ्यात,” सर म्हणाले.

मित्रांनो, माझे तेल वेळेवर बदला. क्लच पूर्ण दाबा. माझ्या दांडीवर हात टाकून रेलू नका, ती काही खुर्ची नव्हे. आणि तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू किंवा एखादे जुने माणूस कुरकुर करू लागले, तर त्याच्या वयाकडे बोट दाखवण्याआधी स्वतःच्या पायाखाली एकदा बघा. ते कुरकुरणे तुमच्यामुळेही असू शकते.

परवा शिकवणीला येताना बाईंनी बहिणीलाही आणले आणि आमच्या गाडीत मागे बसवले. भर गर्दीच्या रस्त्यावर त्यांनी रिव्हर्स टाकला आणि मी हूं की चूं केले नाही. आता कोणाला माझे दात मोजायचेच असतील, तर खुशाल या. सगळे शाबूत आहेत.