रोजचा गुरुवार

"हिला एकदाचं भंगारात घाला हो! आज परत ओढणी अडकली. हँडल आहे का हूक?"

रहाटणीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये अपेक्षा सकाळी असं पुटपुटते. तिची ऑफिसची घाई, खांबाला टेकून उभी असलेली मी, आणि मधे वीतभर जागा. ओढणी अडकणारच. मित्रांनो, मी एक जुनी, फिकट निळी स्कूटर आहे. हल्ली चालत नाही. ऐकते मात्र सगळं. वर तिसऱ्या मजल्यावर जे बोलता येत नाही, ते बोलायला आमच्या घरची माणसं खाली माझ्यापाशी येतात.

माझा जन्म आकुर्डीच्या कारखान्यातला. अपेक्षाचे सासरे मालोजी तिथेच इंजिनं बसवायचे. साताऱ्याकडचं गाव सोडून आलेला उंच, कमी बोलणारा माणूस. माझं इंजिन त्यांनीच बसवलं की दुसऱ्या कोणी, हे मलाही ठाऊक नाही. ते मात्र सगळ्यांना सांगत, "ही माझ्या हातची हाय." बरीच वर्षं नंबर लावून त्यांनी मला घरी आणलं. त्यांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी, ओवाळलं, पदर खोचला आणि मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून अशा बसल्या, जशी ती सीट त्यांच्याच मापाची शिवली होती.

मग मी काय काय वाहिलं म्हणता! गॅसची टाकी, गव्हाचं पोतं, पुढे उभी राहिलेली त्यांची मुलगी विजयश्री, मधे दाबून बसवलेला धाकटा ज्ञानेश. आमच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. दर गुरुवारी मालोजी मला बादलीभर पाण्याने अंघोळ घालायचे, पिवळ्या फडक्याने पुसायचे. संध्याकाळी सगळे मिळून निगडीच्या दुर्गा टेकडीवर. चढावर मी धापा टाकायचे. मागून कौशल्याबाई म्हणायच्या, "मी उतरू का? गाडी दमली." मालोजी म्हणायचे, "बस गं. तुझं वजन ते किती!" ते खरं नव्हतं, पण ऐकायला दोघींना बरं वाटायचं.

ते निवृत्त झाले. ज्ञानेश चाकणच्या कंपनीत लागला, त्याचं अपेक्षाशी लग्न झालं, त्याने मोटरसायकल घेतली. विजयश्री लग्न होऊन वाकडला गेली, तिच्याकडे चारचाकी आली. माझी टाकी रिकामी झाली ती झालीच. कोणाला दोष देत नाही. जुन्या गाडीपायी कोण अडून बसतो?

पण मग मालोजींचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गल्ली, मग नातवंडांची नावं. कंपनी तेवढी राहिली. पहाटे उठून, दाढी करून ते खाली यायचे आणि किक मारत राहायचे. "शिफ्ट चुकंल. डबा दे लवकर." समजावलं तर चिडायचे. एक दिवस ज्ञानेश वैतागून म्हणाला, "अण्णा, आज गुरुवार आहे. सुट्टी!"

किक थांबली. चेहरा निवळला. "व्हय का? मग आधी का न्हाई सांगितलं?" असं म्हणून त्यांनी फडकं मागितलं आणि मला पुसायला घेतलं.

औषधाने झालं नव्हतं ते एका गुरुवाराने केलं. मग काय, आमच्या घरी रोजच गुरुवार. सोमवारी गुरुवार, दिवाळीतही गुरुवार. शेजारच्या सुमनताईसुद्धा येता-जाता ओरडायच्या, "काय मालोजीराव, सुट्टी का?" सगळे हसायचे. खोटं सांगू नये म्हणतात, पण रोज पिवळ्या फडक्याने पुसून घ्यायला मलाही आवडत होतं.

कोणाच्या एवढंच लक्षात आलं नाही की कामगार माणसाला सुट्टी एका दिवसापुरती गोड लागते. तीच लांबली की त्याला धसका बसतो. एक दिवस पुसता पुसता त्यांचा हात थांबला. "रोज सुट्टी कशी काय? कंपनी बंद पडली काय? टाळं लागलं? मग पोरांचं कसं व्हायचं?" आणि तो उंच माणूस माझ्या हँडलवर डोकं ठेवून रडला. कौशल्याबाई पाठीवरून हात फिरवत होत्या.

दुसऱ्या दिवशी ते दिसेनासे झाले. सगळी रहाटणी पालथी घातली. सापडले आकुर्डीला, कंपनीच्या गेटसमोर. एवढा मोठा हायवे ओलांडून गेले होते. पायात दोन वेगळ्या चपला. गेटवरच्या वॉचमनला हात जोडून म्हणत होते, "साहेब, मला काढू नका. माझी दोन पोरं लहान हायेत."

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी भाऊ-बहीण माझ्या दोन बाजूंना उभे राहिले.

"अण्णांसाठी निगडीचं केअर सेंटर बघितलं," विजयश्री म्हणाली. "बंगला छान आहे, पण दाराला बाहेरून कडी. सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलंय आणि टीव्ही बंद."

"आणि मोशीचं?"

"तो माणूस लग्नाच्या हॉलचं बुकिंग घेतल्यासारखा बोलतो रे. हे पॅकेज, ते पॅकेज, डायपर वेगळे. तळेगावच्या पुढे एक आहे. सगळ्यांनी आजार विचारला, तिथल्या बाईंनी विचारलं, वडिलांना काय करायला आवडतं?"

"महाग असणार."

"आहे. अण्णांची पेन्शन त्यात कुठेच लागत नाही. अर्धे मी देते."

"पैसे देऊन सुटायचं का तुला, ताई?"

"सुटायचं असतं तर ऑफिस सुटल्यावर वाकडहून इकडे कशाला आले असते? आणि तू रे? चाकणला ओव्हरटाइम मारतोस तो पैशासाठीच का? का घरी यायला नको वाटतं?"

ज्ञानेश माझ्या सीटचा उसवलेला टाका नखाने ओढत राहिला. म्हणाला, "हो. नको वाटतं."

"आईला विचारायला हवं."

"तू विचार. तू मोठी."

"तू जवळ राहतोस."

कोणीच विचारलं नाही. जेवणं करून विजयश्री परत गेली.

आईचं काय चाललं होतं, ते मला माहीत होतं. भाजी आणायला म्हणून कौशल्याबाई खाली यायच्या आणि रिकामी पिशवी मांडीवर घेऊन माझ्या मागच्या सीटवर बसायच्या. रात्ररात्र दाराला पाठ लावून बसणारी ती बाई तिथे बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची. एकदा असाच तिचा डोळा लागलेला असताना मालोजी आले. अंगावर इस्त्रीचा शर्ट.

"ओ बाई," ते अदबीने म्हणाले, "उठा तिथनं."

कौशल्याबाई दचकून जाग्या झाल्या. "अहो, मी हाय."

"तुम्ही कोण का असंना. ही जागा माझ्या मिसेसची हाय. ती येईल आत्ता. बघितलं तर तिला काय वाटंल?"

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. त्या दिवशी लोखंडाची असूनही मला ते सोसलं नाही. कौशल्याबाई हळूच उतरल्या. सीटवर पडलेली घडी हाताने सारखी केली आणि म्हणाल्या, "चुकलं. बसवा तिला." मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिल्या. मालोजी रिकाम्या सीटवर हात ठेवून बायकोची वाट बघत उभे होते. बायको दहा हातांवर त्यांच्याकडे बघत होती.

त्यानंतर सगळं आपोआप ठरत गेल्यासारखं झालं. म्हणजे कोणी ठरवलं असं कोणाला वाटू नये, अशा बेताने. विजयश्रीने तळेगावला अनामत आणि वर्षाचे पैसे भरले. ज्ञानेशने गावचा जमिनीचा तुकडा विकायला काढला. जुन्या गाड्यांची आवड असलेला विक्की नावाचा मुलगा माझेही फोटो काढून गेला. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं: "चार दिवस ठेवून बघू." वर्षाचे पैसे भरलेल्या जागी चार दिवस!

मित्रांनो, उभी गाडी गंजते, हे तुम्हाला कोणीही सांगेल. ओझं वाहणारी गाडीही झिजते, हे सहसा कोणी सांगत नाही. तुमच्या घरात कोणी असं विसरत चाललं असेल, तर त्याला जिवापाड जपा. पण त्याच्यामागे जागणाऱ्या माणसापाशीही कधी बसा आणि विचारा, तुला झेपतंय का? आमच्या घरची सगळी माणसं चांगली, तरी हा प्रश्न कोणी विचारला नाही. उत्तर सगळ्यांना माहीत होतं, म्हणून.

आज सकाळी विजयश्रीची गाडी माझ्यासमोर येऊन लागली. अपेक्षाने सासऱ्यांची बॅग ठेवली. तिने त्यात नवी कोरी फडकी घातली होती, पिवळीच शोधून आणलेली. मालोजी पुढच्या सीटवर बसले, पाहुण्यासारखे सावरून.

"परत कवा यायचं?" त्यांनी विचारलं.

"चार दिवसांनी, अण्णा," ज्ञानेश म्हणाला. "जरा हवापालट."

"हो, चारच दिवस," विजयश्री म्हणाली, आणि तोंड फिरवून चावी शोधू लागली. चावी तिच्या हातातच होती.

"म्हणजे येतील ना लवकर?" गॅलरीतून सुमनताईंनी विचारलं.

"येतील की," अपेक्षा म्हणाली.

"गप बसा सगळी," कौशल्याबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण विजयश्रीचा हात थांबला. त्या गाडीच्या खिडकीशी गेल्या, वाकल्या आणि मालोजींच्या शर्टाची कॉलर नीट केली. मालोजींनी परक्या बाईला करू द्यावं तसं करू दिलं.

"अहो, ऐका. तुम्हाला परत आणणार न्हाई. आता तिथंच राहायचं. पोरांनी न्हाई ठरवलं, मी ठरवलंय. मला तुम्हाला सांभाळणं झेपत न्हाई."