चपला आन् चाकू भायेर

सुंदररावआप्पांनी गावच्या शेती सोसायटीचं चेअरमनपण केलं ते कीर्तनाच्या शिस्तीनं. सभा मारुतीच्या देवळात भरायची. खतावरून, पाण्याच्या पाळीवरून बोलता बोलता लोक कमरेचे चाकू उघडायचे. तेव्हा आप्पांनी नियमच घातला, "चपला आन् चाकू भायेर." सभेमागून तिथंच कीर्तन उभं राहायचं. त्यात मन विरघळलं की एखादा जाताना म्हणायचा, आप्पा, माझा ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच. असे मिटायचे चाकू त्यांच्या लाकडी पेटीत साठत गेले. शिंगाच्या मुठीचे, पितळेचे, एक तर हैदराबादेचा, शिंपल्याच्या मुठीचा.

आप्पा गेले आणि पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला. पेटी त्यांच्या मुलाकडे, राधाकिशनकडे आली, तसा गावचा हरिनाम सप्ताही. माणसं खडी फोडायला जातात, यंदा राहू दे, असं आम्ही सगळेच म्हणालो. त्याला पटेना. बाप गेला आणि पहिल्याच चैत्रात वीणा खुंटीला, हे कसं व्हावं? बुवांची बिदागी आणि पंगतीचं धान्य, एवढ्यासाठी त्याची नजर पेटीवर गेली. चाकूंचे बरेच मालक देवाघरी गेले होते, उरलेल्यांनी कधी मागितले नव्हते. आणि विकून आलेले पैसे लागणार होते देवाच्याच कामाला. त्यानं कुणाला विचारलं नाही.

धारूरचा कय्युम जुन्या वस्तू घ्यायचा. त्यानं ओसरीवर चादर अंथरली, एकेक पातं उघडून अंगठ्यावर धार पाहिली, मिटताना आवाज ऐकला. शिंपल्याच्या मुठीवर तर तो खूश झाला. एक चाकू मात्र त्यानं बाजूला सारला. पात्याला खांडं पडलेली, मुठीला सुतळी, वर काळी पुटं चढलेली.

"याचं काय लावू भाऊ? लोखंडात जाईल."

"ने तसाच," राधाकिशन म्हणाला.

सप्ता बसायच्या सकाळी म्हातारा आश्रुबा आला. तो दरसाल यायचा, पण राधाकिशन तेव्हा माजलगावला नोकरीवर असल्यानं त्याला हे ठाऊक नव्हतं. आश्रुबाच्या हातात बुक्क्याची पुडी होती. आपला सुतळीचा चाकू काढून द्या म्हणाला. तरणा असताना विहिरीच्या पाळीवरून त्यानं सख्ख्या भावावर, धोंडीरामवर, तो उघडला होता. धोंडीरामचा हात कायमचा आखडला. त्याच वर्षीच्या सप्त्यात आश्रुबानं चाकू आप्पांपाशी ठेवला. तेव्हापासून दरसाल यायचं, त्याला बुक्का लावायचा, मग भावाला हाक मारून दोघांनी एका पंगतीला बसायचं.

ती काळी पुटं बुक्क्याची होती.

राधाकिशन मिळेल त्या गाडीनं धारूरला गेला. चाकू भट्टीत गेलाही होता. कय्युम हळहळला. "कावून बोल्ले न्हाई तुमी? फेकून दिला असता का मी?" त्यानं दुकानातला तसलाच एक नवा काढून दिला. चाकू फुकट दिला तर दोस्ती तुटते, म्हणून एक नाणं तेवढं घेतलं.

आश्रुबानं तो नवा चाकू उघडला, मिटला.

"चांगला हाय. पर ह्यो कवा कोणावर उघडला न्हाई, बाबा. ह्यो ठिवून मी काय सोडलं म्हणू?"

रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं चाकू हातात न देता जमिनीवर ठेवला आणि पुडीसुद्धा न सोडता गेला.

सप्ता झाला, भरल्या सालात होत नाही असा झाला. बुवांनी क्षमेवर निरूपण लावलं आणि आम्ही डोळे पुसत राहिलो. पण पंगतीत धोंडीराम एकटाच बसलेला. शेजारची पत्रावळ त्यानं कुणाला घेऊ दिली नाही.

काल्याच्या कीर्तनाला आश्रुबा देवळाबाहेर, चपलांपाशी बसला. मी दोनदा बोलावलं. येतो म्हणाला, उठला नाही.

वीणा राधाकिशनच्या गळ्यात यायची होती. तो पायरी चढला आणि त्याचा हात खिशाला लागला. आश्रुबानं जमिनीवर ठेवलेला तो नवा चाकू त्यानं उचलून घेतला होता, तो तिथंच होता. ठेवायला द्यावा असं गावात आता कोण उरलं होतं? त्यानं वीणा माझ्याकडं देण्याची खूण केली आणि मागं फिरला.

आश्रुबानं चपला जरा सारून शेजारी जागा केली.