शुक्रवारची संस्कृती आणि फाटकी चटई

सोआकिमीने वावाऊ बेटावरच्या चर्चची घंटा टांगली; त्याचा मुलगा सोसेफो ती वाजवीत म्हातारा झाला; सोसेफोचा धाकटा पेतेलो ऑकलंडला येऊन विमानतळावर सामान चढवू लागला; आणि पेतेलोची मुलगी ही मालेकालिता. मी सोसेफोची थोरली लेक तोकिलुपे, म्हणजे तिची आत्या. आम्हा टोंगन लोकांत आत्यापुढे बापदेखील आवाज चढवीत नाही. ही बढाई नव्हे. पुढचे नीट कळावे म्हणून सांगितले.

त्या रविवारी आमचा मधला भाऊ विसेसिओ वारला. चुलता हाही आमच्याकडे बापच. मालेकालिताने केस मोकळे सोडले, कमरेला शोकाची मोठी, फाटकी चटई गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी तशीच शाळेत गेली. पुढच्या सोमवारी तिची परीक्षा होती. तीत उतरली तरच परिचारिकेच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळणार होती. चटई मात्र दहाव्यापर्यंत सुटत नाही.

संत वॉलबुर्गा विद्यालयात तेव्हा ‘कल्याण व संस्कृती सप्ताह’ चालू होता. फाटकावर भला मोठा फलक झळकत होता : ‘तू जशी आहेस तशी ये.’ मालेकालिताला त्याच फलकाखाली अडवण्यात आले. गणवेशाच्या नियमात चटई बसत नव्हती, आणि मोकळे केस तर मुळीच नाहीत. तिची रवानगी मनःशांती-कक्षात झाली. तिथे मिस पास्क नावाच्या कल्याण-समन्वयक बाईंनी तिच्या हाती दाबायला रबरी चेंडू दिला.

“आज तुझ्या मनाचा रंग कोणता गं?”

“काळा.”

“काळा आपल्या तक्त्यात नाहीये, बाळा. जांभळा चालेल?”

हे ऐकून मी डोक्यावर टोपी चढवली आणि मुख्याध्यापकांना भेटायला गेले. श्री. हॅल्डेन हे वर्षापूर्वीच आलेले, नम्र गृहस्थ. इतके नम्र, की नकार देतानाही आपलेच काळीज तुटत असल्यासारखे दिसत.

“मॅडम, तुमच्या संस्कृतीबद्दल आम्हाला अपार आदर आहे,” ते म्हणाले. “म्हणूनच शुक्रवार राखून ठेवलाय. शुक्रवारी तिनं खुशाल चटई नेसावी.”

“मेलेला माणूस शुक्रवारपुरता मरत नाही, साहेब.”

“पण नियम सगळ्यांना सारखा. आणि काका म्हणजे तसे... जवळचे नातेवाईक नव्हेत ना?”

“तुमच्याकडे नसतील. मग परीक्षेचं काय?”

“गणवेशात आली तर स्वागतच आहे.”

तेव्हा मी त्यांना शाळेचे देणे सांगितले. ज्या सभागृहात शुक्रवारचा नाच ठरला होता, त्याच्या उद्घाटनाची मेजवानी विसेसिओने रांधली होती. बिशप जेवले, नगरपिता जेवले. विसेसिओला मात्र कोणी मागल्या दारातूनसुद्धा आत ये म्हटले नाही. त्या वेळचे मुख्याध्यापक एवढेच बोलले, “तुझ्या घरी कार्य निघालं की शाळा तुझ्या चुलीपाशी राबेल.” त्यानंतर त्याच्या घरी लग्ने झाली, बारशी झाली. शाळेचे एक मांजरही फिरकले नाही.

“फारच हृद्य आठवण,” हॅल्डेन म्हणाले. “सप्ताहाच्या पत्रिकेत छापू या का?”

गुरुवारी विसेसिओला घरी आणले. मी त्याच्या उशाशी बसले. आमच्या रिवाजात मृताहून ज्याचा मान मोठा, त्याची चटई बारीक आणि नेटकी. ज्याचा मान कमी, त्याची मोठी आणि चिंध्या झालेली. अशांनी मृताजवळ यायचे नसते. परसात भट्टीपाशी राबायचे असते. चटई पाहिली की माणसाला त्याची जागा सांगावी लागत नाही.

दुपारी शाळेचे शिष्टमंडळ आले. पुढे हॅल्डेन, मागे मिस पास्क. दोघांनी चर्चच्या कोठीतून निवडून निवडून चटया आणून नेसल्या होत्या, जितकी जीर्ण तितकी अस्सल अशा हिशेबाने. हॅल्डेनांची तर काखेपर्यंत पोचत होती आणि चालताना तिच्या काड्या गळत होत्या. त्यांनी पुष्पचक्र घेऊन थेट मृताकडे पाऊल टाकले.

“तिथंच थांबा,” मी म्हणाले. “ही चटई नेसून इथं येत नाहीत. तुमची जागा मागं.”

“मागं म्हणजे?”

“भट्टीपाशी. तुम्ही आमच्या घरचे सगळ्यांत धाकटे म्हणून आलात. आम्हाला मान्य आहे.”

त्यांनी चटईकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. सोडून ठेवली असती, तर तेवढ्यावर सुटले असते. पण मालेकालिता तशीच चटई नेसून ताटे उचलत होती, आणि ती त्यांच्याकडेच पाहत होती. त्यांनी पुष्पचक्र खाली ठेवले आणि परसाकडे वळले.

तिथे पेतेलोने त्यांच्या हाती सुरी दिली.

“अहो सर, साल काढा, कंद नको! एवढ्याशा तारोवर कोण जेवणार, बिशपांचं मांजर?”

“सॉरी.”

“सॉरीनं डुक्कर शिजत नाही. लाकडं आणा. मिसबाई, तुम्ही पातेली घासा. तुमच्या मनाचा रंग आपोआप कळेल.”

मागे हशा उठला. त्यात मिस पास्कचेही हसू होते. मला ते आवडले.

संध्याकाळी हॅल्डेन काजळीने माखून मागल्या दाराशी आले. “मॅडम, सोमवारी मालेकालिता चटई नेसून परीक्षेला बसेल. केसही तसेच राहू देत.”

“आणि नियम?”

“नियम मी उद्या बदलतो. दुपारभर स्वतः नेसल्यावर मी तिला कुठल्या तोंडानं सोडायला सांगू?”

“उद्या तर तुमची संस्कृती आहे.”

“उद्या दफन आहे,” ते म्हणाले.

शुक्रवारी सभागृहाला कुलूप होते. शाळेचे शिक्षक आमच्या परसात तारो सोलत होते, ताटे वाढत होते, आणि बोलावल्याशिवाय त्यांतले कोणी पुढे आले नाही. सर्वांची जेवणे उरकल्यावर मी हॅल्डेनांना पुढल्या दाराने आत घेतले आणि माझ्या शेजारी बसवून जेवू घातले. मग कबरीपाशी गेले आणि भावाला सांगितले, “विसेसिओ, शाळा तुझ्या चुलीपाशी राबून गेली. आता तिच्याकडे तुझे काही येणे उरले नाही.”