खाटेशेजारचं सॉकेट

भिंतीवर नवी बॅटरी बसली. सोलारवाला हात धुवायला गेला, तेवढ्यात घरच्या सुनेने गपचूप मेन स्विच खाली ओढला.

"अगं, काय चाललंय?" हॉलमधला पंखा थांबताच सासरे ओरडले. मग त्यांच्या लक्षात आलं, टीव्ही चालूच आहे. "वा! एक चेंडूसुद्धा चुकला नाही!"

"ताई, मीच दाखवणार होतो ना," सोलारवाला हात पुसत आला. "चालतंय सगळं."

"सगळं म्हणजे काय काय, तेच बघायचंय मला."

"आमच्या घरात इन्स्पेक्टर आहे हो," सासरे म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

हसायला त्यांचं काय जात होतं! दीड महिन्यापूर्वी भर दुपारी वीज गेली, तेव्हा घरात मोठं माणूस ती एकटीच होती. छतावर सोलारची पॅनल तापून निघालेली आणि खाली तिच्या तीन वर्षांच्या पिल्लूचं वाफेचं मशीन औषध अर्धं असतानाच बंद. पोरीची छाती भात्यासारखी हलत होती. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखाना गाठेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. नंतर सोलारवाल्याने समजावलं होतं, की नुसती पॅनल असली तर बाहेरची वीज गेल्यावर तीही आपोआप थांबतात, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसेल. बॅटरी जोडली, की घर बाहेरच्या लाइनपासून सुटं होतं आणि आपल्या जिवावर चालतं.

पण बॅटरीवर अख्खं घर चालणार नव्हतं, म्हणून यादी झाली. सासूबाईंनी फ्रीज सांगितला, सासऱ्यांनी टीव्ही. तिने लिहिलं, 'पिल्लूची खोली.'

त्या खोलीत आता दिवा लागला होता, पंखा फिरत होता. तिने खाटेशेजारच्या सॉकेटमध्ये मशीनचा प्लग लावला, बटण दाबलं. हूं की चूं नाही.

"दिवा तर लागलाय की," सासरे दारातून म्हणाले.

"दिव्याची वाफ देऊ का तिला, बाबा?"

सोलारवाल्याने बोर्ड उघडला आणि मान खाजवली. "खोली म्हणालात, म्हणून मी दिवा-पंखा घेतला. हे सॉकेट गिझरच्या लाइनवर आहे. तसंच जोडलं तर गिझरही बॅटरीवर येईल, मग बॅटरी किती टिकणार? वेगळी वायर ओढावी लागेल. उद्या सकाळी येतो." जाताना त्याने मेन स्विच वर केला.

यादी तिच्याच अक्षरातली होती. भांडणार कुणाशी?

"एका दिवसाने काय होतंय," म्हणत सासरे मॅचकडे वळले.

संध्याकाळी पिल्लूला पुन्हा धाप लागली. तिने मशीन लावलं, मास्क धरला. औषध निम्म्यावर आलं आणि मशीन थांबलं. दिवा लुकलुकलासुद्धा नाही. वीज गेल्याचं फक्त त्या शांततेवरून कळलं. तिने एका हाताने पोरीला आणि दुसऱ्या हाताने मशीन उचललं आणि हॉलकडे धावली.

टीव्ही काळा पडला होता. सासरे भिंतीपाशी गुडघ्यांवर बसलेले, हातात टीव्हीचा प्लग.

"दे, दे लवकर. मशीनची घरघर थांबली तेव्हाच कळलं मला."

मशीन सुरू झालं. मास्क त्यांनीच धरला. इतके दिवस तिला वाटायचं, या घरात त्या घरघरीकडे आपलेच कान असतात.

"मॅच राहिली तुमची," बऱ्याच वेळाने ती म्हणाली.

"हरणारच होते गाढव. तू बस जरा."

पिल्लूचा श्वास हळूहळू जागेवर आला. वीज पाऊण तासाने आली, तोवर टीव्ही पुन्हा लावायचं नाव कुणी काढलं नाही.

सकाळी सोलारवाला आला तेव्हा सासरे दारातच उभे होते. हातातल्या चिठ्ठीवर ठळक लिहिलं होतं, 'खाटेशेजारचं सॉकेट, खिडकीकडचं.' वायर ओढून होईपर्यंत ते त्याच्या मागे मागे फिरले. तो हत्यारं पिशवीत भरायला लागला, तसा त्यांनी त्याचा दंड धरला.

"थांबा हो, इतक्यात कुठे निघालात?" आणि आत बघून हाक मारली, "सूनबाई, मशीन लाव. मी मेन ओढतो."