ढाबळीची जमीन

अर्ध्या वस्तीच्या घरांना ज्यानं फरशा बसवल्या, त्या फरशीवाल्याला स्वतःच्या बापाच्या कबुतरांखाली काय घालावं हे सुचेना, आता याला काय म्हणायचं!

डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. म्हाताऱ्याच्या छातीत कबुतरांच्या घाणीची धूळ बसली होती. ढाबळ, म्हणजे कबुतरांचं घर, माळ्यावर होती, बरोब्बर म्हाताऱ्याच्या पलंगाच्या वर, आणि जुन्या फळ्यांच्या फटींतून ती धूळ खाली झिरपायची. एक तर ढाबळीची जमीन बदला, नाहीतर कबुतरांना निरोप द्या. आता गुडघे गेल्यापासून दिवसभर त्या खोलीत एकट्या पडून राहणाऱ्या माणसाला कबुतरांशिवाय होतं तरी कोण?

फरशीवाल्याकडे कामांवरून उरलेल्या चकचकीत टाइल्स पडून होत्या. तो खुशीत म्हणाला, "बाबा, टाइल लावून टाकतो. ओलं फडकं फिरवलं की काम फत्ते."

म्हातारा हसता हसता खोकला. "अरे शहाण्या, पिल्लं घसरतील. एकदा पाय फाकले की जन्माची अधू होतात. ती काय तुझी गिऱ्हाइकं आहेत, चकाकी बघून भुलायला?"

गडी स्वतःच्याच धंद्यात तोंडावर आपटला.

मग ठरली तारेची जाळी. चौकटीवर जरा उंच बसवायची. घाण खाली पत्र्याच्या ट्रेमध्ये पडणार, कबुतरं वर कोरडी राहणार. शेजारीण दाणे टाकायला वर जायचीच, तिनं ट्रे धुतला की झालं. खरवडणं नाही, धूळ नाही. म्हातारा नुसतं "बरं" म्हणाला. खिळा कुठं ठोकावा यावरही वाद घालणारा माणूस नुसतं "बरं" म्हणतो, तेव्हा कान टवकारायला हवे होते. पण फरशीवाला कायम घाईत.

फळ्या उपसताना मात्र त्याचे हात मंदावले. लहानपणी तो याच फळ्यांखाली झोपायचा. उजाडायच्या आत डोक्यावर टपटप सुरू व्हायची आणि आई उशीत तोंड खुपसून बापाला म्हणायची, "उठले तुमचे भाडेकरू. भाडं देत नाहीत ते नाहीत, झोपूही देत नाहीत मेले!" सुट्टीच्या दिवशी बापलेक वर जायचे. बाप फळ्यांवर पाणी शिंपडायचा, स्वतःच्या तोंडाला फडकं बांधायचा, मग याच्याही. दोघं दोन टोकांकडून खरवडत खरवडत मध्ये यायचे आणि मध्ये भेटले की बाप हळूच त्याच्या कपाळाला कपाळ लावून टक्कर द्यायचा. त्या टकरीसाठी पोरगं आपलं टोक भराभर उरकायचं. किती छान दिवस होते ते, आणि चालले आहेत हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

पुढं आई गेली. लग्नानंतर तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. रविवारचं खरवडणं तेवढं त्याच्याकडे राहिलं. बाहेरच्या जिन्यानं वर जायचा, खरवडायचा, उतरताना बापाच्या दारातूनच "बरंय ना?" विचारायचा आणि सटकायचा.

जाळी बसली. नंतर तो बघायला आला, तर म्हातारा छताकडे डोळे लावून पडलेला.

"अरे, कबुतरं आहेत ना वर?"

"आहेत की. आत्ताच बघून आलो. का हो?"

"काहीच ऐकू येत नाही रे. फळ्या होत्या तेव्हा सगळं कळायचं. पांढरी उतरली की दोन उड्या मारायची. लंगडी एक पाय घासत चालायची. आणि तो बुटका, मादीभोवती गोल गोल नाचून डोकं उठवायचा. आता घरात कुणी नसल्यासारखं वाटतं."

फरशीवाला पलंगाच्या कडेवर बसला. त्यानं छताकडे पाहिलं आणि मनातल्या मनात मापं घेतली. "असं करू. कबुतरं आत शिरतात ती बाजू तुमच्या डोक्यावरच येते. तेवढ्या भागात जाळी काढून फळ्या घालतो. खाली पत्रा मारून फटी बुजवतो, म्हणजे धूळ खोलीत यायची नाही. फक्त घाण सुकू द्यायची नाही. रोज ओलं करून खरवडावं लागेल."

"रोज कोण खरवडणार? शेजारणीला सांगू नकोस हं, ती माझ्याहून म्हातारी."

"मी येईन."

"रोज?"

"कामावर जाताना. रोज."

म्हातारा चादरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. "जाळी लावतो म्हणालास ना," तो शेवटी म्हणाला, "तेव्हा मला वाटलं, आता खरवडायचं नाही म्हटल्यावर रविवारही गेला."

फरशीवाल्यानं बापाचा हात धरला.

"तू खरंच रोज येणार असशील," म्हातारा म्हणाला, "तर राहू दे त्या फळ्या. कबुतरंही देऊन टाक कुणाला तरी. तू आपला सरळ खालीच ये."