मखमलची जट

केदारखेड्यात मांजरांचा काही दुष्काळ नव्हता. पण ती सगळी गावची मांजरं. आखूड केसांची, दोरीसारख्या शेपटीची, दूध दिसलं की नातं सांगणारी आणि दूध संपलं की ओळख विसरणारी. गोपिकाबाईच्या घरची मखमल त्यांतली नव्हती. तिच्या अंगावर चार-चार बोटं लांब, पांढरे, मऊ केस होते. भोकरदनच्या तहसीलदारसाहेबांच्या बेगमेकडची ती. साहेबांची बदली झाली, सामान गाड्यांवर चढलं आणि एक पिल्लू मागे राहिलं. कचेरीतल्या राधाकिसन चपराशाने ते टोपलीत घालून केदारखेड्याला आणलं. नावही बेगमेने ठेवलेलंच राहू दिलं.

राधाकिसन हा गोपिकाबाईचा नवरा. निजामाच्या राज्यात कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारची. म्हणून तो गुरुवारी संध्याकाळी पायी घरी यायचा आणि शनिवारी उजाडायच्या आत परत निघायचा. मधला शुक्रवार काय तो त्याचा, आणि तो शुक्रवार हा गृहस्थ घालवायचा कसा, तर ओट्यावर बसून, मांजर पुढ्यात घेऊन, लाकडी फणीने तिचे केस विंचरत. मखमल त्याच्याकडे पाठ करून बसायची, मान पुढे करायची आणि डोळे मिटून घ्यायची. तो विंचरायचा आणि तिच्याशी बोलायचा. तेही हळू नाही, कचेरीत पुकारा करावा तसं मोठ्यानं.

“मखमल, औंदा ज्वारी बरी येनार म्हन्तेत.” “मखमल, आजचं कालवन बराबर झालंय, बिलकुल बराबर.” एकदा म्हणाला, “मखमल, बाजारात लुगडे पाह्यले. हिरवं आनावं का जांभळं?” एवढं बोलून फणी तशीच हातात धरून तो बराच वेळ थांबला. मांजर काय बोलणार? मग पुन्हा विंचरायला लागला. लुगडं हिरवंही आलं नाही आणि जांभळंही नाही.

आधी सासू होती. वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याने बायकोशी बोलायचं नसतं ही रीत त्या घरात फार कडक, आणि सासू खाट दारातच टाकून पडलेली असायची. पुढे सासू गेली, दारातली खाट आत गेली, तरी राधाकिसनचं बोलणं मांजराशीच राहिलं. माणसाला एकदा वळण पडलं की पडलं. चुलीपुढे भाकरी थापता थापता गोपिकाबाई ते सगळं ऐकायची आणि मनातून जळायची. पोटी लेकरू नाही, आठवड्यात नवऱ्याचा एक दिवस, आणि तो असा मांजराच्या वाट्याला. सवत परवडली असती, असं तिला वाटायचं; निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं. मग ती भाकरी जरा जोरात थापायची आणि भांडी जरा जास्त आपटायची.

एका पावसाळ्यात भोकरदनला पटकीची साथ आली आणि एका गुरुवारी राधाकिसन घरी आला नाही. दुसरा एक चपराशी त्याच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन आला, ओट्याच्या कडेला ठेवून खाली मान घालून उभा राहिला. गोपिकाबाईला कुणी काही सांगावं लागलं नाही.

त्यानंतर तिने मखमलला उपाशी कधी ठेवलं नाही. दूध-भाकर कुस्करून घालायची, पण हात लावायची नाही. फणी कोनाड्यात होती, तिथेच राहिली. दर शुक्रवारी सकाळी मखमल ओट्यावर यायची, राधाकिसन बसायचा त्या जागेसमोर पाठ करून बसायची आणि मान पुढे करायची. गोपिकाबाई ते पाहायची आणि आत निघून जायची. तिच्याच्याने बघवत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर थोडा जुना रागही होता.

न विंचरलेले केस एकमेकांत अडकत गेले. आधी कानांमागे गुठळ्या झाल्या, मग काखेत, मग पोटाखाली. त्यांत कुसळं अडकली, गोखरू अडकले. हिवाळा सरेस्तोवर पाठीवरच्या केसांचा असा घट्ट थर झाला की बोट आत शिरेना.

गावात झुंबरबाई म्हणून एक बाई होती. तिच्या अंगात देवी यायची. मंगळवारी तर यायचीच, पण भांडणात हार व्हायला लागली की इतर वारीही यायची. ती एकदा विस्तव मागायला आली आणि मखमलला बघून दारातच थबकली. तिने हात जोडले. म्हणाली, “अगं बया, ही तं माय रेणुकेची जट हाय.”

बाईच्या डोक्यात जट आली की ती देवीचं बोलावणं. ती विंचरायची नाही, कापायची तर नाहीच. कापील त्याच्या घराचं वाटोळं होतं, हे केदारखेड्यात शेंबडं पोरही जाणत होतं. आता देवीने बाई सोडून मांजर का निवडावं, आणि तेही बेगमेच्या घरचं, हे कुणी विचारलं नाही. गावाला एखादी गोष्ट पटायची असली की ती पटते.

पुढच्या मंगळवारपासून बायका यायला लागल्या. हातात हळदीकुंकवाचं तबक, तांब्यात दूध-पाणी. मखमलला पाटावर धरून बसवायचं, तिच्या जटेवर दूध-पाणी घालून ती चोळायची, वर हळदीकुंकू वाहायचं. मग बायका एकमेकींना कुंकू लावायच्या आणि ओट्यावर गप्पा मारत बसायच्या. सासवांच्या कागाळ्या, पोरांची दुखणी, कुणाच्या सुनेला दिवस गेले, सगळं त्या ओट्यावर निघायचं.

गोपिकाबाईच्या कपाळाला कुणी बोट लावत नव्हतं, ते तिला ठाऊक होतं. नवरा गेल्यापासून हळदीकुंकवाचं बोलावणं तिच्या दाराला चुकून आलं नव्हतं. वाटेत बायका भेटल्या तर बाजूने जायच्या. आणि आता त्याच बायका तिच्या दारात चपला काढत होत्या. तिने ओटा पुन्हा सारवायला घेतला. गुळाचे खडे आणि गार पाण्याचा तांब्या तयार ठेवू लागली. “गोपिकाबाई, तुमी बी बसा की,” असं एकदा कुणी म्हणालं आणि ते शब्द तिने आठवडाभर मनात घोळवले. सोमवारी तिला झोप लागेना, इतका तिला मंगळवारचा आनंद व्हायचा.

जट देवीची नाही, फणी न फिरवल्याने झालेली आहे, हे पुऱ्या गावात तिला एकटीलाच माहीत होतं. ती गप्प बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण जिच्या अंगावर ही मूठ होती तिचे हाल होत होते. दर मंगळवारच्या पाण्याने आणि चोळण्याने जट आणखी घट्ट होत गेली. मखमल पाय टाकायची तर काखेतली कातडी ओढली जायची. ती घराच्या धाब्यावर चढायची थांबली. मग कोनाड्यापर्यंतही उडी मारीना. कुणी उचललं की ओरडायची. एका मंगळवारी ती पाटावरून निसटून ज्वारीच्या कणगीवर उडी मारायला गेली आणि मधेच पाय आखडून धप्पकन खाली पडली. जमिनीवर लोळायला लागली. बायकांनी हात जोडले. देवी लोळण घेते आहे, म्हणाल्या. गोपिकाबाईला दिसत होतं की मांजर पुढचा पाय सरळ करू पाहत आहे आणि तो सरळ होत नाही.

तिला कळलं नाही असं नाही. तिला सगळं कळलं. तरीही ती मनाशी म्हणाली, एवढा पुढचा मंगळवार होऊन जाऊ दे. पुढच्या मंगळवारी झुंबरबाई आपल्या नव्या सुनेला घेऊन येणार होती. तो झाला, मग आणखी एक. कापली तर ओटा पुन्हा ओस पडणार होता, आणि त्या ओस ओट्याची तिला देवीच्या कोपापेक्षा जास्त भीती वाटत होती.

मग एक दिवस मखमलने दूध-भाकर तोंडात घेतली नाही. वाटीशी आली, वास घेतला आणि तिथेच बसली. गोपिकाबाईने पहिल्यांदा तिच्याजवळ बसून पोटाखाली हात घातला. हाताला ओल लागली. जटेखाली कातडी सोलली होती आणि वास येत होता. गोपिकाबाईला स्वतःची इतकी शरम वाटली की ती काही वेळ तो हात तसाच धरून बसली.

शेजारच्या गल्लीत जयवंताबाईचं धनगराचं घर. त्यांच्याकडे मेंढ्या भादरायची कातर होती. गोपिकाबाईने काय ते सांगितलं. जयवंताबाईने कानांना हात लावले. मग म्हणाली, “वैनी, मेंढी असती तं म्या घडीत मोकळी केली असती. पर जटेला म्या कातर लावनार न्हाई. माही लेकरंबाळं हायेत.” गोपिकाबाई जायला वळली तेव्हा तिने कातर आणून उंबऱ्यावर ठेवली आणि तोंड दुसरीकडे केलं. “म्या देली न्हाई, तुमी नेली न्हाई. आन् पानी घालनं आधी बंद करा. लोकर भिजवून चोळली की घोंगडं व्हतं, दुसरं काय व्हनार?”

तो सोमवार होता. गोपिकाबाईने दार लोटून घेतलं, मखमलला मांडीवर घेतलं. कातडी आणि जट यांत फरकच कळेना. कातर कुठे टेकवावी तेही समजेना. मग ती उठली आणि कोनाड्यातली फणी काढली. फणीच्या दातांत अजून पांढरे केस होते. तिने फणी हळूच कातडीला लागून जटेखाली सारली आणि फणीच्या वरून कातर चालवली. मखमल गुरगुरली, तिच्या मनगटावर ओरखडे काढले. गोपिकाबाईने ते काढू दिले. फणी थोडी पुढे, कातर थोडी पुढे, असं करत करत काख मोकळी झाली. मखमलने पुढचा पाय लांब केला, बोटं फाकवली आणि पुन्हा लांब केला, जणू आपला आहे की नाही ते बघत होती. ते पाहून गोपिकाबाईला रडू फुटलं. नवरा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

सगळी जट उतरली ती एका सुपात मावली. उरलेलं मांजर मात्र अगदी ओंजळभर. गोपिकाबाईने तिच्या अंगाला करडईचं तेल लावलं आणि तिला खाटेखाली गोधडीवर सोडलं.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. सूप ओट्यावरच होतं. तबकं हातातच राहिली. कुणी तोंडाला पदर लावला. गोपिकाबाई रात्रभर योजून ठेवलेलं सगळं विसरली आणि एवढंच बोलली, “ही जट देवीची न्हाई. ते गेल्यापून म्या फणी फिरवली न्हाई, म्हनून झाली. तिला लई दुखत व्हतं.”

झुंबरबाईने तिच्याकडे पाहिलं नाही, मांजर कुठे आहे तेही विचारलं नाही. ती सुपाकडे बघत होती. मग तिने जटेवर हळदीकुंकू वाहिलं, सूप उचलून डोक्यावर घेतलं आणि म्हणाली, “माय आपल्या जागी चालली, दुसरं काय.” सगळ्या बायका तिच्या मागोमाग देवळाकडे निघाल्या. गरज सरो, वैद्य मरो. इथे तर वैद्य खाटेखाली तेल चाटत पडला होता.

गावाने गोपिकाबाईला वाळीत टाकलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. तसं झालं असतं तर तिला चाललं असतं. भांडायला तरी कुणी दारात आलं असतं. पुढच्या मंगळवारी तिने ओटा सारवला, गूळ-पाणी काढून ठेवलं. देवळातली घंटा ऐकू येत राहिली. उन्हं उतरल्यावर ती स्वतःच देवळात गेली आणि मागे खांबाशी उभी राहिली. नव्या टोपलीत जट ठेवलेली, कुंकवाने लाल झालेली. ओट्यावरच्या सगळ्या गप्पा आता त्या पायऱ्यांवर चालल्या होत्या. झुंबरबाईने तिच्या हातावर प्रसाद ठेवला, “बऱ्या हाव ना?” म्हणाली आणि पुढच्या बाईकडे वळली. मखमलचं काय झालं, हे कुणीच विचारलं नाही. घरी येऊन बघते तर गुळाला मुंग्या लागलेल्या.

शुक्रवार उजाडला. मखमल थोडं खायला लागली होती. ती ओट्यावर आली, नेहमीच्या जागेसमोर पाठ करून बसली आणि मान पुढे केली. भादरलेल्या अंगावर विंचरायला काही उरलं नव्हतं. गोपिकाबाई दारात उभी राहून बघत होती. या वेळी ती आत गेली नाही. कोनाड्यातून फणी घेतली, राधाकिसनच्या जागेवर बसली आणि मखमलच्या उघड्या पाठीवरून फणी अगदी हलकी फिरवू लागली.

नुसतं बसवेना, म्हणून ती बोलली. “मखमल, ज्वारीचं पीठ सरत आलं. आज दोन भाकरी थापाव्या का येकच?”

बोलली मात्र आणि तिच्या ध्यानात आलं की आपण हे मोठ्यानं बोललो, आणि मांजराकडे बघून नाही. मान आपोआप दाराकडे वळली होती. त्या जागेवरून घरात थेट चूल दिसत होती. चुलीपुढचा पाट दिसत होता, जिथे बसून ती इतकी वर्षं भाकरी थापत आली होती. आतून कुणी काही म्हणेल, म्हणून ती फणी हातात धरून थांबली. चूल विझलेली होती आणि आतून काहीच आलं नाही.

 एवढ्या शुक्रवारांत आपण आतून एक शब्द टाकला असता, तर काय बिघडलं असतं, असं तिला वाटलं. पण आपल्याला विचारलंय हे तिला कळलंच नव्हतं. भांडी आपटलेली तेवढी त्याला ऐकू गेली असतील.

“हिरवं,” ती चुलीकडे बघत म्हणाली. “हिरवं आना.”

मग तिने पदराने डोळे पुसले. मखमलने कान हलवला आणि मान आणखी थोडी पुढे केली.